टाचेचे हाड वाढले, म्हणून दुखते?

महोदय,

सकाळी पलंगावरून पाय टेकताच टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते, दहा-वीस पावले लंगडत गेल्यावर जरा बरे वाटते आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा तेच. यावर घरोघरी ठरलेले उत्तर म्हणजे ‘हाड वाढलंय’. एक्स-रेत चोचीसारखे टोक दिसले की शिक्कामोर्तबच! पण ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळांच्या एक्स-रेतही ते टोक असते. बहुतेकांचा दुखतो तो टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला तळपायाचा जाड पट्टा, प्लांटार फॅशिया. झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, त्यामुळे पट्टा रात्रभर सैल, आखूड राहतो आणि पहिल्याच पावलाला सगळे वजन त्याला एकदम ताणते.

म्हणून व्यायाम पाय जमिनीला लागण्याआधी हवा. बिछान्यातच बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा आणि त्याच बाजूच्या हाताने पायाची बोटे नडगीकडे ओढावीत. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवला की पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. तसा लागत नसेल तर ओढ कमी पडते आहे. 10 सेकंद धरून 10 वेळा, दिवसातून तीनदा. बहुतेक जण आधी बाथरूमला जाऊन येतात आणि मग ताण देत बसतात. तोवर पट्ट्याला व्हायचा तो त्रास होऊन गेलेला असतो.

नुसत्या ताणाने भागत नाही, पट्ट्याला बळही लागते. कठडा धरून जिन्याच्या पायरीवर उभे राहावे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाचा पायरीबाहेर. 3 सेकंदांत टाच वर, 2 सेकंद थांबून 3 सेकंदांत खाली. 12 वेळा, अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सुरुवात दोन्ही पायांवर, मग एका पायावर. तेही सोपे झाले की पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तके भरावीत. करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या सकाळी कळ वाढली तर फेऱ्या कमी कराव्यात. आठवडाभरात गुण येत नाही म्हणून बरेच जण इथेच सोडतात. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात.

घरात ग्रॅनाइट किंवा मार्बलच्या फरशीवर अनवाणी वावरणे आणि टाचेखाली कागदासारखी झिजलेली स्लीपर, दोन्ही बंद. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरवर जाणाऱ्यांनी वारीआधी आठवडाभर एकदम दहा किलोमीटर चालायला लागू नये. अंतर महिना-दोन महिने हळूहळू वाढवावे.

तापल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेकण्याने तात्पुरते बरे वाटते, पण मधुमेहात पायाची संवेदना गेली असेल तर भाजलेलेही कळत नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचा आराम काही आठवड्यांचा असतो. ते पुन्हा पुन्हा घेतले तर टाचेखालची चरबीची गादी विरते, क्वचित पट्टा तुटतोही.

टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर कळ येत असेल तर हाडाला चीर असू शकते. रात्री पडल्या पडल्या ठणका, मुंग्या, सूज किंवा ताप असेल, अथवा तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडत असेल, तर हे व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

– एक फिजिओथेरपिस्ट, नाशिक