स्कॅनर बंद, व्हॉट्सअ‍ॅप चालू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला मोबाइल पेमेंटच्या सुरक्षिततेवरचा अर्धपानी लेख वाचला. एन्क्रिप्शनचे, म्हणजे माहिती सांकेतिक करून झाकण्याचे, एकेक थर लेखकमहाशयांनी फार निगुतीने उलगडले आहेत, त्याबद्दल काही म्हणणे नाही. यूपीआयचा पिन आपण टाकतो ते पान अ‍ॅपवाल्याचे नसून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचे असते, पिन फोनमध्येच एन्क्रिप्ट होऊन पुढे जातो आणि अ‍ॅपवाल्याला तो वाचता येत नाही, हे बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळले असेल. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना आपला पूर्ण कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे बदली क्रमांक, असते, हेही बरे सांगितले. मला फक्त एक विचारायचे आहे. लेखक अलीकडे एखाद्या बँकेच्या शाखेत स्वतः पाऊल ठेवून आले आहेत का?

माझी आत्या ऐंशीच्या पुढची. परळला एकटी राहते आणि भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना क्यूआरवर पैसे देते. रिचार्ज राहून गेल्यामुळे तिचे जुने सिम बंद पडले, नवा नंबर घेतला आणि यूपीआय ठप्प. त्याबद्दलही तक्रार नाही. अ‍ॅप सुरू करताना फोनमधल्या सिमवरून एसएमएस जातो आणि तो नंबर खात्याशी जुळला तरच पुढचे दार उघडते. लेखात या थराचे तर चौकट टाकून कौतुक आहे. तेव्हा खात्यातला नंबर बदलायला आत्याला घेऊन शाखेत गेलो.

टेबलावरचा तरुण बोलायला अगदी गोड. ‘काका, स्कॅनर बंद आहे. हा माझा नंबर सेव्ह करा. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान आणि डेबिट कार्डाच्या दोन्ही बाजू, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.’

दोन्ही बाजू! म्हणजे नंबर, मुदत आणि मागचा सीव्हीव्ही हा गुप्त आकडासुद्धा. त्याच्या डोक्यामागे रिझर्व्ह बँकेचे पोस्टर होते, गुप्त तपशील कुणाला देऊ नका असे बजावणारे, ‘आरबीआय कहता है’वाले. मी पोस्टरकडे बोट दाखवले. त्याने वळून पाहिले आणि म्हणाला, ‘ते फोनवरून कुणी विचारलं तर. मी तर समोर बसलोय.’

नंबर बदलायला कार्डाची मागची बाजू कशाला लागते, असे विचारले तर ‘सिस्टिम मागते’. हा बँकेचा नंबर आहे की तुमचा स्वतःचा, असे विचारले तर ‘माझाच, पण सगळे यावरच पाठवतात’. त्यानंतर त्याने जे ठेवणीतले काढले, त्यासाठी हा पत्रप्रपंच. ‘काका, व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेड असतं. वरती लिहिलेलं असतं बघा.’

लिहिलेले असते, आणि ते खरेही आहे. आत्याचा फोटो तिच्या फोनातून निघून त्याच्या फोनात पोचेपर्यंत वाटेत कोणी तो पाहू शकत नाही. पण पोचल्यावर? तिथे तो उघडाच. त्या गृहस्थाच्या गॅलरीत, मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी. फोन लोकलमध्ये मारला गेला, दुरुस्तीला दिला किंवा त्याने नोकरीच सोडली, तर आत्याचे कार्ड कुठे कुठे फिरेल? या शेवटच्या टोकाबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही.

आणि उद्या पैसे गेलेच तर? ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात म्हटले आहे की चूक बँकेची असेल तर ग्राहकाला तोशीस नाही. पण ग्राहकाने स्वतःच पेमेंटचा तपशील दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. आत्याने फोटो ‘स्वतःच्या हाताने’ पाठवलेला. तो कोणी मागितला, हे सिद्ध करायला पंच्याऐंशीकडे झुकलेल्या बाईने कुठे कुठे खेटे घालायचे?

मी नकार दिला. मागच्या रांगेतून ‘काका, टाका ना, आम्हाला पण कामं आहेत’ असेही ऐकले. अखेर शाखाधिकारी बाई उठून आल्या. स्कॅनर बंद वगैरे काही नव्हता. त्याचा प्लग काढून तिथे कोणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावला होता. प्लग जागेवर गेला, पाच मिनिटांत काम झाले आणि कार्डाची मागची बाजू सिस्टिमने मागितली नाही ती नाहीच.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची हयगय करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे म्हणे. एवढे नको. शाखेत एक जादा एक्स्टेन्शन बोर्ड दिला तरी पुरे. रिझर्व्ह बँक फोर्टात, एनपीसीआय वांद्रे-कुर्ला संकुलात. दोन्हींकडच्या साहेबांनी कधी ओळख न देता परळच्या एखाद्या शाखेत नंबर बदलायला जाऊन बघावे. आत्याचे आधार कार्ड हवे असल्यास उसने देईन, झेरॉक्स करून, आडवी रेघ मारून.

जाता जाता तुमच्याविषयी. त्या लेखाच्या शेवटी ठळक अक्षरांत सल्ला आहे, ‘कुठलाही क्यूआर कोड खात्री केल्याशिवाय स्कॅन करू नका.’ त्याच पानावर खाली शब्दकोडे, आणि ‘उत्तरांसाठी हा कोड स्कॅन करा’. आत्याचे आडवे ७ अडले आहे आणि ती स्कॅन करायला तयार नाही. उत्तरे पूर्वीसारखी दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापायला काय हरकत आहे?

आपला,
एक जुना वाचक, लालबाग, मुंबई