ती. स्व. काकांना, आमच्या मोअरच्या टॅपेटबद्दल

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पलूसला परतून महिना झाला. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही ‘ते राहू द्या, पोरं कशी आहेत?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. इथे अंगण मोठं म्हणून गवत कापायला वर बसून चालवायचा मोअर घेतलेले मराठी लोक बरेच आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा तरी बॅटरीचा खर्च वाचेल.

इथे ओहायोत नोव्हेंबरात गवत फारसं वाढत नाही, पण मेपल आणि ओकची पानं इतकी पडतात की मोअर फिरवून त्यांचा चुरा करावाच लागतो. नेमका त्याच वेळी आमचा मोअर रुसायचा. उन्हाळाभर चांगला चालणारा हा गडी पारा शून्याच्या आसपास आला की चावी फिरवल्यावर अर्धा फेरा घ्यायचा आणि ‘घर्र... धप्’ करून जागीच अडायचा. आधी मी नवी बॅटरी आणली. मग तारांची टोकं घासली, प्लग बदलला. दुरुस्तीच्या दुकानात फोन केला तर त्यांनी मोअर न बघताच स्टार्टर बदलायला सांगितला. शेवटी मीच एक जुगाड काढला होता: चावी काढून घ्यायची, बॉनेट उघडून इंजिनाबरोबर फिरणारी वरची जाळी हाताने थोडी उलटी फिरवायची आणि मग स्टार्टर मारायचा. तसं केलं की कधीकधी चालू व्हायचा.

तुम्ही नातवाला बघायला शेजारी आला होता. डोक्याला मफलर, अंगावर जावयाचं जाकीट, हातात चहाचा कप. माझी कसरत बघून तुम्ही विचारलंत, “पाव्हणं, इंजान मागं का फिरवताय?”

मी म्हणालो, “असं केलं की चालू होतं.”

“मग बॅटरीला कशाला दोष देताय?”

काका, खरं सांगतो, त्या क्षणी मला थोडा रागच आला होता. मोअर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. माणूस सीटवर बसल्याशिवाय आणि ब्रेक दाबल्याशिवाय हे यंत्र सुरूच होत नाही, याचंही तुम्हाला हसू आलं होतं. पण मग तुम्ही प्लग काढायला लावलात, प्लगची वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवलीत आणि चावी मारायला सांगितलीत. इंजिन भिंगरीसारखं फिरलं. “बॅटरी बरी, स्टार्टर बरा. याला कॉम्प्रेशन जड झालंय. डिकॉम्प्रेशन कुठाय याचं?”

विहिरीवरचं ऑइल इंजिन तुम्ही चाळीस वर्षं हँडल मारून चालू केलंत. लिव्हर उचलून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, हँडल फिरवून वेग घ्यायचा आणि लिव्हर सोडायचं. तो खटका माझ्या मोअरलाही होता, फक्त दिसत नव्हता. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे कॅमवर, बारीकसा उंचवटा असतो. स्टार्टर फिरत असताना तो एक व्हॉल्व्ह केसभर उचलून धरतो, त्यामुळे कोंडलेल्या हवेचा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, थोडा निसटतो आणि पिस्टन सहज वर जातो. हे उचलणं इतकं थोडं असतं की टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट, वाढला तर त्या फटीतच संपून जातं. व्हॉल्व्ह हलतच नाही आणि स्टार्टरला पूर्ण कॉम्प्रेशनशी कुस्ती करावी लागते. उन्हाळ्यात ऑइल पातळ आणि बॅटरी जोरात, म्हणून ती कुस्ती कशीबशी निघत होती. थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरी मलूल होते, मग चितपट.

एका गोष्टीत मात्र मी तुम्हाला हरवलं, ते इथे लिहिणारच. ट्रॅक्टरच्या सवयीने तुम्ही पिस्टन अगदी वर आणून मोजायला निघाला होता. इंजिनाच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं, कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पिस्टन वरच्या टोकाला पोचला की पाव इंच खाली उतरवून मग मोजा, म्हणजे तो उंचवटा मधे येत नाही. तुम्ही चष्मा लावून आकृती बघितलीत आणि म्हणालात, “पुस्तक शहाणं हाय.” प्लगच्या भोकात घातलेल्या नातवाच्या ज्यूसच्या स्ट्रॉवर पेनाने खूण करून तो पाव इंच आपण मोजला!

माझ्या इंजिनाच्या पुस्तकात इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हचा गॅप ३ ते ५ थाऊ आणि एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणाऱ्याचा) ५ ते ७ थाऊ दिला आहे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपल्याला इनटेकला १० सापडले. (दुसऱ्या इंजिनाची मापं वेगळी असतात, आपापलं पुस्तक बघा.) लॉक स्क्रू आवळताना गॅप पुन्हा हलतो, म्हणून तुम्ही तीनदा मोजायला लावलंत. तिसऱ्यांदा माझी बोटं गारठली होती आणि तुम्ही मात्र फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पातं ओढून “जरा अडकत सरकायला पाहिजे, पतंगाच्या मांजासारखं” हे समजावत होता.

नंतर दोन कामं मी स्वतःच केली. आत एसएई ३० ऑइल होतं. ते गार हवेसाठी नाहीच, म्हणून सिंथेटिक ५डब्ल्यू-३० भरलं. आणि जुलैतला कॅनमधला गॅस (आपलं पेट्रोल) काढून ताजा आणला. इथे थंडीत विकला जाणारा गॅस लवकर वाफ होणारा असतो, उन्हाळ्यातला तसा नसतो. या दोन्ही गोष्टी आधी केल्या असत्या तर मोअर कदाचित रेटून चालला असता आणि मूळ दुखणं मला कधीच कळलं नसतं.

गेल्या शनिवारी सकाळी हिरव्या गवतावर दव गोठलं होतं. चोक ओढला, चावी मारली, पहिल्या फटक्यात चालू झाला. मी जाळीला हातही लावला नाही. तुमची लेक खिडकीतून अंगठा दाखवत होती.

बॉनेटच्या आतल्या बाजूला टेप चिकटवून तारीख आणि दोन आकडे लिहिले आहेत: इनटेक ४, एक्झॉस्ट ६. पुढच्या खेपेला याल तेव्हा गेज तुमच्याच हातात देईन. चहा मी करतो.

आपला,
शेजारचा पाव्हणा