दुसरा गियर

आजरा,
श्रावणातला दुसरा रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

जीपच्या गियरबॉक्सचा तुझा तक्ता मिळाला. तीन रकाने, खाली बेरजा, आणि शेवटी पिवळ्या पट्टीत तुझा कौल: जुना गियरबॉक्स काढून टाका, पाच गियरवाला बसवा. फोनवर मी नुसतं 'बघू' म्हणालो तर रागावलीस. पण झाकण उघडल्याशिवाय आतलं काय सांगणार? आता गियरबॉक्स आणि त्याच्या मागची, जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, म्हणजे ट्रान्सफर केस, दोन्ही उतरवून पडवीत पोत्यावर ठेवलेत, तेव्हा सविस्तर लिहितो. पत्रच लिहितो, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आधी आंबोलीतलं सांगतो, आईने तुला सांगितलं नसणार. जूनमध्ये वेंगुर्ल्याला काजूची कलमं आणायला निघालो होतो. उतारावर दुसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की दांडी आपोआप न्यूट्रलला येते, हे दोन वर्षं चाललंय. म्हणून डाव्या हाताने दांडी दाबून धरूनच मी घाट उतरतो. त्या दिवशी धबधब्याच्या अलीकडे धुकं दाटलं, काच पुसायला हात सोडला आणि खाडकन दांडी बाहेर. पायातला ब्रेक चांगला होता म्हणून थांबलो. हँडब्रेक ओढला, तर गाडी सरकतच होती. आईने उतरून चाकाला दगड लावला, आणि परत बसली ती सावंतवाडी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी तीस वर्षं संसार केलाय, मला कळलं.

आपल्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, हे तुझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या पाठीवर, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर बसतो. तिथलं ऑइल सील गेलं की तेल सरळ ब्रेकच्या लायनिंगवर. लायनिंग नवीन टाकून दोनदा पैसे घालवले, सील मात्र कुणी बदललं नाही. मीही विचारलं नाही.

आता आतलं. बूच काढले तर गियरबॉक्समधून जेमतेम पाऊण लिटर तेल आलं आणि ट्रान्सफर केसमधून दोन लिटरच्या वर. दोन्हींत दीड-दीड लिटरच्या आसपास असायला हवं. पेट्या एकमेकींना चिकटलेल्या, मधल्या बेअरिंगपाशी वाट मिळाली की एकीचं तेल दुसरीत जातं. म्हणजे गियरबॉक्स कोरडा पळत होता आणि खाली तेल गळतंय म्हणून मी समजत होतो की तेल भरपूर आहे. तेल परातीत घेऊन उन्हात धरलं (श्रावणातलं ऊन, पाच मिनिटं मिळालं). लोहचुंबक फिरवला, थोडा कीस चिकटला. उरलेलं तरीही चमकत होतं. ते पितळ, गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रोच्या रिंगांचं. मागे एका गॅरेजात 'भारीतलं तेल घालतो' म्हणून जीएल-५ घातलं होतं. चाकांमधल्या डिफरन्शियलला ते उत्तम, पण जुन्या पितळी रिंगांना मानवत नाही. पावती अजून ड्रॉवरमध्ये आहे, तिच्याकडे बघून चडफडण्यापलीकडे उपयोग नाही.

आता तुझ्या निदानाकडे येतो. 'तिन्ही गियरमध्ये घूं आवाज येतो, म्हणजे गियरबॉक्स संपला,' असं तू लिहिलंस. इथे माझी लेक इंजिनिअर असूनही चुकली, याचा मला थोडा आनंद झाला. हा बोर्ग-वॉर्नरचा टी-९० गियरबॉक्स. तिसऱ्या गियरमध्ये इंजिनाचा फेरा सरळ मागे जातो, खालच्या क्लस्टरवर, म्हणजे एकसंध गियरांच्या जुडग्यावर, भारच नसतो. गियरबॉक्सचे दात वाजत असते तर तिसऱ्यात आवाज कमी झाला असता. तो होत नाही, कारण वाजतोय तो ट्रान्सफर केस. आपला ट्रान्सफर केस स्पायसर १८. त्यात फेरा आत मधोमध शिरतो आणि बाहेर एका बाजूने पडतो, त्यामुळे डांबरी रस्त्यावर टू-व्हीलमध्ये पळतानाही सगळा जोर मधल्या इंटरमीजिएट गियरमधून जातो. त्या बिचाऱ्याला सुट्टीच नाही. तो फिरतो निडल बेअरिंगवर. शाफ्ट बाहेर काढून नख फिरवलं तर नख अडकलं, एका अंगाला चक्क खाच पडलीय. दोन्हीकडचे थ्रस्ट वॉशरही झिजून पातळ झालेत.

मुख्य प्रश्न होता ट्रान्सफर केसच्या बाहेरच्या खोक्याचा. शाफ्ट, बेअरिंगं, रिंगा, सगळं मिळतं. हाच ट्रान्सफर केस १९४१ पासूनच्या युद्धातल्या जीपला होता आणि अमेरिकेत १९७१ पर्यंत जीपला लागत राहिला, आपल्याकडे महिंद्राच्या गाड्यांतूनही आला. त्याचे भाग अजून बनतात. पण शाफ्ट ज्या भोकात बसतो ते भोकच ओढून लांबट झालं असेल, तर नवा शाफ्ट घालूनही सहा महिन्यांत तीच गत. म्हणून मिस्त्रींना गडहिंग्लजहून बोलावलं. त्यांनी नवा शाफ्ट दोन्ही भोकांतून घालून पाहिला. घट्ट. तेव्हा मी चहा टाकायला सांगितला.

गियरबॉक्सचं खोकंही शाबूत आहे. क्लस्टरचे दात चांगले आहेत. मेन शाफ्टचं टोक पुढच्या गियरच्या पोटात ज्या रोलरांवर फिरतं ते झिजलेत, रिंगा गेल्यात, झाकणातल्या गोळीमागच्या स्प्रिंगा मेल्यात. त्यामुळेच दुसरा सुटत होता. पहिल्याचा जो सरकता गियर आहे, त्याच्या दातांच्या कडा मात्र उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्यात.

ते बघून मला तू आठवलीस. बारावीच्या सुट्टीत शिकत होतीस आणि चालत्या गाडीत पहिला घालायला गेलीस, कर्रर्र, आणि मी ओरडलो. पहिल्याला सिंक्रो नाही, गाडी थांबवून घाल नाहीतर डबल क्लच मार, असं मी वीसदा सांगितलं होतं. तू स्टेअरिंगवरून उतरून चालत घरी गेलीस. परवा तू 'मीही त्यात भर घातलीय, खर्च मी देते' लिहिलंस तेव्हा ते अजून तुझ्या मनात आहे हे लक्षात आलं. अगं, ते दात तुझ्या एका महिन्याचे नाहीत. चढावर पोती भरलेली गाडी थांबवायचा कंटाळा करून पहिला कोंबणारा माणूस तुझा बाप आहे. आजोबांनी १९७८ साली सरकारी लिलावात ही गाडी घेतली, तेव्हापासूनची माझी सवय. ते मला ओरडायचे ते मी तुला ओरडलो, इतकंच.

पाच गियरचं का नको तेही सांगतो. तू म्हणतेस ते खरं, साठच्या पुढे ही कण्हते, आणि कोल्हापूरला जाताना ट्रकवालेसुद्धा हॉर्न मारतात. पण तो गियरबॉक्स मागचा शाफ्ट मधोमध काढतो. आपल्या जीपचा मागचा डिफरन्शियल एका अंगाला आहे. मग आस बदला, दोन्ही शाफ्ट नवे करा, चासीचा आडवा पट्टा कापा. तुझ्या तक्त्यात यातलं फक्त शाफ्टचं धरलंय. आणि भंगारातून अख्खा सेट आणायचा तुझा दुसरा रकाना तूच लाल केलास, ते बरोबरच. न उघडलेल्या पेटीत दुसऱ्याचं दुखणं विकत घ्यायचं, त्यापेक्षा आपलं ओळखीचं बरं.

गाडी १९६७ ची, म्हणजे पन्नाशी कधीच उलटली. २०२१ च्या नियमाने 'व्हीए' अक्षरांचा विंटेज नंबर मिळू शकतो, असं तुझ्या मामाने सुचवलं. मग ती रोज वापरता येत नाही. शेणखत काय प्रदर्शनातल्या गाडीतून न्यायचं? चासी मात्र कापणार नाही, उद्या तुला तो नंबर घ्यावासा वाटला तर वाट मोकळी राहू दे.

तेव्हा ट्रान्सफर केस पूर्ण करायचा, गियरबॉक्सचा क्लस्टर ठेवून बाकीचं बदलायचं. मिस्त्रींच्या अंदाजाने मजुरीसकट ३० हजारांच्या आत. यंदाच्या काजूत बसतं. तुझे पैसे नकोत.

तुझी बोटं हवीत. ते निडल रोलर दाभणाएवढे, ग्रीसमध्ये एकेक उभे चिकटवून मग शाफ्ट सरकवायचा. एक आडवा पडला की सगळं पुन्हा. परवा जुन्या रोलरांवर सराव केला, तिसऱ्या खेपेला चष्मा काढून ठेवला आणि उठलो. आईने साबुदाण्याच्या डब्यात सगळे मोजून ठेवलेत, आकडा डब्यावर लिहिलाय. त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे.

गणपतीला येशील ना, तर दोन दिवस आधी ये. बेअरिंगांवरचे नंबर मागच्या पानावर उतरवलेत, नाना पेठेत विचार. ऑइल सील घेताना माप घेऊन घे, दुकानदार 'चालतंय की' म्हणेल त्यावर जाऊ नकोस. तेल जीएल-४ च, ९० नंबर, चार लिटर. आणि तुझ्याकडचा तो डायल गेज आण. मागच्या टेपर बेअरिंगचा खेळ मिस्त्री हाताने हलवून 'झालं' म्हणतात, तिथे किती शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालायच्या ते तू मोजून सांग.

बाबा

ता. क. आईला आंबोलीचं मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस.