तुझी टाइम.एच

सिडको, नाशिक

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा सी प्रोग्रॅम कंपाइल होईना म्हणून रात्री फोनवर तू रडकुंडीला आला होतास. "बाबा, इन्क्लूडपुढे कोनी कंसात < > टाइम.एच लिहिलंय, तरी कंपायलर वेळेचा टाइम_टी हा प्रकार माहीत नाही म्हणतो." सकाळी तुझी मेकफाइल, म्हणजे बिल्डच्या सूचनांची फाइल, उघडली. तिच्यात -आय पुढे टिंब आहे, म्हणजे "हेडर फाइली याही फोल्डरमध्ये शोध", आणि फोल्डरमध्ये तू स्वतः लिहिलेली टाइम.एच नावाची हेडर आहे.

कोनी कंस म्हणजे "सिस्टीमचीच फाइल आण" असं नव्हे रे. अवतरणचिन्हं असली की जीसीसी, म्हणजे तुझा कंपायलर, आधी ती ओळ ज्या फाइलीत आहे तिच्या फोल्डरमध्ये बघतो. कोनी कंस असले की तिथे बघत नाही. पुढे दोघांचीही वाट एकच: -आयने दिलेले फोल्डर, तू दिलेल्या क्रमानं, आणि मग ठरलेल्या जागा. त्या नावाची पहिली फाइल दिसली की शोध संपला. ती तुझी की ग्लिबसीची, म्हणजे सिस्टीमच्या सी लायब्ररीची, हे तो विचारत नाही. थ्रेडसाठीची सिस्टीमची पीथ्रेड.एच आतून टाइम.एच मागवते, तिच्याही पदरात तुझीच पडली. म्हणून तू कधी न उघडलेल्या फाइलीत एरर दिसत होते.

कंपाइल करताना -व्ही लाव, जागांची सगळी यादी छापून येईल. तुझ्या उबुंटूवर ठरलेल्या जागांत सगळ्यात वर जीसीसीचा स्वतःचा फोल्डर असेल, त्याखाली /यूएसआर/लोकल/इन्क्लूड, शेवटी /यूएसआर/इन्क्लूड. जीसीसीचा वर का, हे नीट समजून घे. एसटीडीआयओ.एच लायब्ररीची असते, पण एसटीडीआर्ग.एच कंपायलरच आणतो, कारण फंक्शनला दिलेल्या किमती कुठे ठेवल्यात हे त्यालाच ठाऊक. लिमिट्स.एच दोघांची: आधी जीसीसीची सापडते आणि ती इन्क्लूड_नेक्स्ट लिहून यादीतली पुढची मागवते. मला हे फार सुंदर वाटतं.

अंबडला असताना मी बोर्डासाठीच्या क्रॉस कंपायलरला (पीसीवर चालून दुसऱ्या यंत्रासाठी कंपाइल करणाऱ्या) -आयनं पीसीचा /यूएसआर/इन्क्लूड दिला होता. हेडर पीसीची, लायब्ररी बोर्डाची. तीन दिवस गेले.

तू फाइलीचं नाव बदल, घड्याळ.एच कर. आणि -आयच्या जागी -आयकोट घाल, म्हणजे तो फोल्डर फक्त अवतरणचिन्हांच्या वेळीच बघितला जाईल. बिल्ड झालं की कितीही वाजले तरी फोन कर. शनिवारी पंचवटीनं येतोस ना? नाशिकरोडला घ्यायला येतो.

तुझे,
बाबा