दोदोलासाठी एक दुपार राखून ठेव

चिरंजीव बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला आणि त्याबरोबर आलेली यादीही मी चष्मा लावून नीट वाचली. नाताळच्या सुट्टीत कोणत्या दिवशी कुठे जेवायचे, हे तू हणजुण्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकपासून पणजीतल्या उपाहारगृहांपर्यंत इतक्या टापटिपीने मांडले आहेस की तुझ्या बाबांना त्यात आपल्या कचेरीतल्या दिवसांची आठवण झाली. घरच्या जेवणाला त्यात दोन रात्री मिळाल्या आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. इतक्या लांबून चार दिवसांसाठी येणाऱ्या मुलाला आईच्या हातचे माशाचे हुमण आणि सोलकढी पुरेल, अशी अपेक्षा मी केव्हाच सोडून दिली आहे. माझे म्हणणे वेगळेच आहे. त्या यादीत पलीकडच्या घराचा उल्लेख कुठेच नाही.

तिथला तुझा मित्र या वर्षी घरी आहे. पर्यटकांच्या बोटींचा भर हंगाम नाताळ आणि नववर्षाचाच असल्यामुळे बोटीवर काम करणाऱ्याला नेमकी हीच सुट्टी मिळणे किती दुर्मीळ असते, हे तुला ठाऊक आहे. यंदा त्याचे कंत्राट नोव्हेंबरात संपले आणि नवे फेब्रुवारीपासून आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो मागल्या दाराने आत आला आणि म्हणाला, “मावशी, पेज आहे?” बोटीवर तो केक आणि पेस्ट्रीच्या विभागात आहे, हजारो माणसांसाठी रोज गोड बनवतो, आणि घरी येताच त्याला हवी असते ती उकड्या तांदळाची पेज, भाजलेला खारा बांगडा आणि मिठात घातलेल्या कैऱ्या, आपली तोरे. पाटावर बसूनच जेवला. तुझी चौकशी केली. तू 20 तारखेच्या सुमारास येणार असे मी सांगितले, तेव्हा त्याने विचारले, “येतो म्हणजे किती वेळ?” मी काही बोलले नाही, वाटीत आणखी पेज वाढली.

तुमचे फोनवरून रोज बोलणे होते, एकमेकांना ताटांचे फोटो जातात, हे मला माहीत आहे. पण त्याचे बाबा, आपले अंकल, गेले त्यानंतर तुम्ही दोघे एकदाही समोरासमोर भेटलेले नाही. ते गेले तेव्हा तो भर समुद्रात होता आणि तुला मुंबईहून निघता आले नाही. यात कोणाचा दोष नाही. तरीही जे बोलायचे राहून गेले आहे ते हॉटेलच्या टेबलाशी बसून बोलता येणार नाही, असे मला वाटते. तिथे गाणी मोठ्याने लागलेली असतात, आणि जेवण संपताच बिल कोणी द्यायचे यावरून तुमची ओढाताण सुरू होते. तो डॉलरमध्ये कमावतो म्हणून त्याला द्यायचे असते, आणि तू मुंबईत नोकरी करतोस म्हणून तुला.

म्हणून 22 तारखेची दुपार तू रिकामी ठेवावीस. त्या दिवशी त्याच्या आई, आपल्या आंटी, नाताळचा गोड दोदोल करणार आहेत. गेल्या वर्षी त्या घरात दुखवटा होता. त्यामुळे कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, केला नाही, दारात चांदणीच्या कंदिलाचे नखेत्रही लावले नाही. आपण इथून नेवऱ्या आणि केळी पाठवली होती. यंदा वर्ष सरले आहे आणि कढई पुन्हा चुलीवर चढणार आहे, पण इतकी वर्षे ती ढवळणाऱ्या दोघांपैकी आता एकच उरले आहे, आणि आंटींचा उजवा खांदा पावसाळ्यापासून धरलेला आहे.

तू दोदोल आयुष्यभर खाल्ला आहेस, तो होताना बहुधा कधी पाहिला नसशील. तुम्हा मुलांना त्या वेळी अंगणात नखेत्रासाठी बांबूच्या काड्या बांधायला बसवलेले असे. सामान अगदी थोडे लागते: तांदळाचे पीठ, नारळाचा रस, माडाचा काळा गूळ आणि काजू. सगळे कसब ढवळण्यात असते. गूळ रसात विरघळवून गाळून घ्यायचा, पीठ गुठळी न होऊ देता त्यात मिसळायचे आणि मग दोन-तीन तास मंद विस्तवावर लांब दांड्याच्या उलथन्याने तळापासून ढवळत राहायचे. पहिला तासभर काहीच घडत नाही, नुसते तपकिरी पाणी हलवत बसल्यासारखे वाटते. मग ते हळूहळू दाटते, उलथने जड होऊ लागते, आणि ज्या वेळी हात सर्वांत जास्त दुखतो नेमके त्याच वेळी थांबता येत नाही, कारण क्षणभर जरी हात थांबला तरी तळाला लागते आणि करपल्याचा वास सबंध कढईला येतो. गोळा कडा सोडू लागला, नारळाचे तेल वर सुटून चकाकी आली, की उतरवायचा. हे एकट्याचे काम नाही. एकाने ढवळावे, दुसऱ्याने काजू घालावे, विस्तव सारावा आणि हात भरून आला की उलथने घ्यावे. अशा वेळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, कढईकडेच पाहावे लागते, आणि पुरुषांना असेच बोलणे जमते, हे मी तुझ्या बाबांवरून सांगते.

आता इतक्या गोडांमध्ये दोदोलच का, तेही ऐक. थरांच्या गोड बिबिंकाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे हल्ली जो तो तिचेच नाव घेतो. पण तिच्यात अंड्यांचे पिवळे बलक पुष्कळ असतात आणि तुझी आजी अंड्याला शिवत नसे. म्हणून आंटींच्या सासूबाईंनी आजीसाठी वेगळे ताट लावायला सुरुवात केली. क्रोशाच्या रुमालाखाली दोदोल, नारळाच्या सारणाच्या नेवऱ्या आणि वर चार केळी. गणेश चवथीला आपल्याकडून पातोळ्या आणि नेवऱ्या जात, नाताळला तिकडून हे ताट येई. आजी गेली, आपण बाकीचे सगळे अंडी खातो, तरीही ताटातला दोदोल बदलला नाही. (तू त्या घरी डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा चोरीस-पाव खाऊन बडीशेप चघळत यायचास, तेही आजीला कळत असे. ती बोलत नव्हती, इतकेच.)

तुझ्याबरोबर कचेरीतले दोघे येणार आहेत, त्यांना जरूर आण. त्यांतला एक मासे खात नाही म्हणून तू काळजीत दिसतोस. तसे कारण नाही. बाहेरच्यांना गोवा म्हणजे मासळीच वाटते, पण सोमवारी आपल्या घरी काय शिजते ते त्याला एकदा दाखवू. या दिवसांत कणगी, करांदे, सुरण, माडी सगळे कंद बाजारात आलेले असतात, तेव्हा कांदा-लसूण न घालता तिरफळांचे खतखते, म्हणजे कंदांची मिसळ भाजी, होईल, अळसांद्यांचे तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची रसभाजी, होईल आणि आगशीच्या वांग्यांची रव्यातली कापे होतील. श्रावणात वाळवलेली तिरफळे डब्यात आहेत. ती चावायची नाहीत, ताटाच्या कडेला काढायची, एवढे मात्र त्याला आधी सांगून ठेव. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की उठून गरम पोई, म्हणजे आपला पाव, कोणी घ्यायची, ते तुम्ही तिघांत ठरवा. मी उठणार नाही.

शॅकवर जायला माझी मनाई नाही. फक्त 25 ते 31 या दिवसांत कळंगुटच्या रस्त्यावर गाडी घालू नका. जेवणापेक्षा जास्त वेळ रस्त्यातच जाईल. यादीतली जी नावे गळतील त्यांचे फारसे वाईट वाटून घेऊ नकोस. ती जानेवारीतही तिथेच असतील, तुझा मित्र मात्र फेब्रुवारीत पुन्हा बोटीवर असेल.

नारळ आपल्याच माडांचे आहेत, नारळ पाडणारा पाडेली परवाच येऊन गेला. गूळ मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणून ठेवीन. आंटींना मी अजून काही बोललेले नाही. तू स्वतः मित्राला फोन करून सांग की उलथने धरायला येतो आहेस. मांडवी एक्सप्रेसने येणार असाल तर थिवीलाच उतरा. एकटा असतास तर बाबा स्कूटर घेऊन आले असते. तिघांसाठी टॅक्सी सांगावी लागेल, आणि या दिवसांत ती आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय मिळत नाही. तेव्हा गाडीचा दिवस लगेच कळव.

तुझी,
आई