खुर्ची पुसता येते

डॉक्टर मॅडम,

तुमच्या खोलीत आल्या आल्या मी पिशवीतून टॉवेल काढला, त्याची चौघडी खुर्चीवर अंथरली आणि मग बसले. सवयच लागली होती. तुम्ही उठलात, मला उठवलंत, टॉवेलची घडी घातलीत आणि माझ्या हातात देत म्हणालात, "खुर्ची पुसता येते. नीट बसा."

मी रडले ती तेव्हा. तपासताना नाही.

कपड्यात शी होते, हे 6 वर्षं लपवत फिरत होते. एका डॉक्टरांनी मान वर न करता जुलाब थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसरे म्हणाले, "वय झालं की चालायचंच." तेव्हा मी 51 वर्षांची होते! तिसरीकडे माझ्या तोंडून "पोटाचा त्रास" एवढंच निघालं आणि त्यांनीही पुढे खोदून विचारलं नाही. तुम्ही सरळ विचारलंत, "शी कपड्यात होते का? कळ येते पण पोचेपर्यंत धरवत नाही, की झाल्यावरच कळतं?" हे दोन त्रास वेगळे, हेच मला ठाऊक नव्हतं. धरवत नसेल तर बहुधा गुदद्वाराचा बाहेरचा स्नायू दुबळा, नकळत होत असेल तर आतला, असं तुम्ही कागदावर दोन गोल काढून दाखवलंत.

मग बाळंतपणाचं विचारलंत. चिमटा लावून झालं होतं, टाकेही पडले होते. पण फाटलं ते स्नायूपर्यंत, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आतून केलेल्या सोनोग्राफीत पुढच्या बाजूची ती फट दिसली. इतकी वर्षं बाकीच्या स्नायूंनी निभावून नेलं आणि पाळी गेल्यावर त्यांचाही जोर ओसरला. म्हणजे माझ्या मनाचे खेळ नव्हते तर.

इसबगोलाने शौच बांधून होऊ लागलं. तो स्नायू आवळायच्या व्यायामाच्या पहिल्या दिवशी मी नुसत्या मांड्याच आवळत होते आणि स्नायूचा जोर दाखवणारी पडद्यावरची रेघ जागची हलेना. ऑपरेशनची घाई नको, त्याचा गुण काही वर्षांनी कमी होऊ शकतो, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

पूर्ण बरी झालेली नाही. महिन्यातून एखाददोनदा फजिती होते, पर्समध्ये जादा कपडे अजून असतात. पण पेशंटशी नीट वागायला वेळ कुठे मिळतो, असं म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की त्या टॉवेलची घडी घालायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

परवा तुमच्याकडे बाहेर बाकाच्या अगदी कडेला एक बाई अर्धवट टेकल्या होत्या. ती बसण्याची तऱ्हा मी ओळखते. काही बोलले नाही. त्यांच्या शेजारी जाऊन बसले, चांगली ऐसपैस.

तुमची,
टॉवेलवाली पेशंट