साहेब, खाणीचा तळही तपासा

मा. जिल्हाधिकारी, सातारा यांस,
सविनय नमस्कार.

मी कराड तालुक्यातल्या दगडखाणींत 22 वर्षं ड्रिल चालवलं. दरड कोसळते हे सगळ्यांना माहीत असतं. पायाखालचा तळ वर उठतो, हे मात्र सांगूनही कुणाला पटत नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

मे महिना होता. आदल्या दिवशी सुट्टी, म्हणजे सुरुंग नाही. सकाळी आम्ही खाली उतरतोय तोच बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि सपाट कातळाचा थर मधोमध वर आला, दोन फळ्या एकमेकींना टेकवून उभ्या कराव्यात तसा. लांबी पंचवीसेक पावलं, उंची गुडघ्याएवढी. फटीत पहार घातली तर हातभर आत गेली. थर जेमतेम वीतभर जाडीचा, खाली ओली लाल माती. दुपारी डबे उघडून आम्ही बसायचो ती जागा तिथून चार पावलांवर. तासाभरात ब्रेकर लावून उंचवटा फोडला, दगड क्रशरला गेला. ‘सुरुंगानं सुटलं असेल’ म्हणून विषय मिटवला. अहो, सुरुंग नव्हताच!

कातळ जमिनीत चहूबाजूंनी दाबलेला असतो. खोदाईनं वरचं ओझं जातं, आडवा दाब राहतो. आपला काळा पाषाण म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, मध्ये कुठं कुठं लाल मातीची मऊ पट्टी. त्या पट्टीवर पातळ थर ठेवून खोदाई थांबवली, तर दोन्ही टोकांनी दाबलेल्या पट्टीसारखा तो वर वाकतो. जाडी निम्मी झाली की चौथ्या हिश्श्याच्या दाबातही वाकतो. खाली पाणी कोंडलं असेल तर तेही वर रेटतं.

कॅनडात ओटावाजवळच्या मॅकफार्लंड खाणीत तळ असाच उठला होता. त्यावरचा शोधनिबंध 1982 साली छापून आला. न्यूयॉर्क राज्यात वॅपिंजर्स फॉल्सला 1974 मध्ये 3.3 तीव्रतेचा भूकंप झाला. खाणीतून उचललेल्या दगडाचा भार कमी झाल्यानं तो झाला, असं अभ्यासकांनी मांडलं. आणि आपण तर 11 डिसेंबर 1967 ची कोयना भूकंपाची पहाट सोसलेला जिल्हा. इथल्या जमिनीत ताण आहे, हे आपल्याला परक्यानं सांगायला नको.

ताण मोजणारी माणसंही घरचीच आहेत. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळा आहे. कोयना भागात गोठणे इथं तिच्या कामासाठी 3 किलोमीटर खोल विवर घेतलंय. गौण खनिजाचा पट्टा आपल्या सहीनं मिळतो, म्हणून विनंती आपल्यालाच. खाण आणखी खोल न्यायची परवानगी देण्याआधी या प्रयोगशाळेचा सल्ला घ्या. तळावर पक्क्या खुणा करून दर महिन्याला लेव्हल, म्हणजे खुणांची उंची, घ्यायला लावा आणि ती वही तपासणीत मागा. आमच्याकडे साहेब लोक आले की भिंती बघायचे, बेंच म्हणजे भिंतीतले टप्पे मोजायचे, तळावर उभं राहून फोटो काढायचे आणि निघायचे. तळ उठला तर तो फोडण्याआधी आपल्या कार्यालयाला कळवायची सक्ती करा. पाणी उपसल्याशिवाय माणसं खाली उतरवू नयेत, हेही अटीत लिहा.

पहार आपटली की घट्ट कातळ खणखणतो, सुटलेला थर बद्द वाजतो. आपण म्हणाल त्या दिवशी पहार घेऊन येतो आणि आपल्या माणसांना तो आवाज ऐकवतो.

आपला नम्र,
एक जुना ड्रिलवाला, ता. कराड